सर्व्हर भाड्याचा असू दे, खातं तुझ्या नावावर हवं

अगं, तुझा मेसेज सावकाश वाचला. फराळाच्या ऑर्डरी वाढल्या, दिवाळीच्या तोंडावर वेबसाइट रडतखडत चालते, आणि साइट करून देणारा मुलगा म्हणतोय की ताई, आता क्लाउड सर्व्हर घेऊ या. त्याने पाठवलेलं कोटेशनही पाहिलं. दोन व्हीसीपीयू, चार जीबी रॅम, ऐंशी जीबी एसएसडी आणि खाली महिन्याचा आकडा. तू विचारतेस, घेऊ का? घेच किंवा घेऊ नकोस असं मी एका वाक्यात सांगणार नाही. पण आपण नेमकं काय घेतोय हे कळल्याशिवाय पैसे भरू नकोस, एवढं मात्र नक्की सांगेन. मी याच कामात असते, त्यामुळे एक गोष्ट सतत नजरेला पडते. घरातून धंदा उभा करणाऱ्या बायका बेसनाच्या भावापासून कुरिअरच्या पावतीपर्यंत सगळीकडे बारीक लक्ष ठेवतात आणि वेबसाइटचा विषय निघाला की "ते तो बघतो" म्हणून मोकळ्या होतात. ज्यावर तुझ्या निम्म्या विक्रीची मदार आहे ते असं दुसऱ्यावर सोडू नये. तुला सर्व्हर चालवायला शिकायचं नाहीये. मालकीण म्हणून काय माहीत असावं, तेवढंच सांगते.

आधी तो सर्व्हर असतो कुठे ते ऐक. ठाण्याहून वाशीकडे जाताना ऐरोली, रबाळे, महापे हा सगळा पट्टा लागतो. तिथे आणि पुढे पनवेलकडे डेटा सेंटरच्या मोठमोठ्या इमारती आहेत. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबली मुंबईत वर्सोव्यासारख्या ठिकाणी किनाऱ्याला लागतात, विजेची सोय चांगली आहे, म्हणून हा धंदा इथे वाढला. आत थंडगार हॉलमध्ये कपाटांच्या रांगा, त्या कपाटांत एकावर एक रचलेली यंत्रं, वीज गेली तर क्षणात भार घेणाऱ्या बॅटऱ्या आणि मागे डिझेलचे जनरेटर. त्यातलं एकेक यंत्र आपल्या घरच्या लॅपटॉपच्या कितीतरी पट ताकदीचं असतं. हायपरव्हायझर नावाचं एक सॉफ्टवेअर त्या यंत्राचे अनेक भाग पाडतं आणि प्रत्येक भागाला वाटतं की आपण स्वतंत्र संगणक आहोत. तुझ्या कोटेशनमधले दोन व्हीसीपीयू म्हणजे असाच एक भाग. बहुतेक ठिकाणी एक व्हीसीपीयू म्हणजे प्रोसेसरचा पूर्ण कोअरही नसतो, त्याचा एक धागा असतो. स्वस्तातल्या काही सर्व्हरमध्ये तर तोही पूर्ण वेळ तुझा नसतो. एरवी थोडीच ताकद वापरायची, आणि गर्दीत जास्त लागली तर साठवलेल्या सवलतीतून घ्यायची. सवलत संपली की साइट मंदावते किंवा वरचे पैसे लागतात. म्हणून त्या मुलाला विचार की हा सर्व्हर पूर्ण ताकदीचा आहे की असा साठवणीवरचा. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तुझ्याकडे दिवसभर गर्दी असते. तिथे साठवणीवरचा सर्व्हर दुपारपर्यंतच दमेल.

अॅमेझॉनने अशी भाड्याची यंत्रं तासाच्या हिशोबाने द्यायला २००६ साली सुरुवात केली. आपल्याकडे मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुण्यात केंद्र उघडलं, अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत. त्याआधी इथल्या बऱ्याच वेबसाइट सिंगापूरच्या यंत्रांवर असत. तुझं बहुतेक गिऱ्हाईक ठाणे, पुणे, नाशिकचं, मग सर्व्हर मुंबईचाच निवडायला सांग. अमेरिकेतला सर्व्हर दोन-चार डॉलरने स्वस्त दिसतो, पण प्रत्येक क्लिकचा निरोप समुद्रापार जाऊन परत यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. एक पान उघडताना असे कितीतरी निरोप जातात-येतात. परदेशातून फराळ मागवणाऱ्यांसाठी सीडीएन नावाची सोय असते. ती तुझ्या फोटोंच्या प्रती त्यांच्या जवळच्या केंद्रात ठेवते. त्यासाठी सर्व्हर परदेशात न्यायची गरज नाही.

आता यात कोणाचं काम काय? पीठगिरणी डोळ्यांसमोर आण. जातं, मोटर, वीज, पट्टा हे सगळं गिरणीवाल्याचं. त्यात बिघाड झाला तर तो बघणार. तू दळणाचं वजन करून पैसे देतेस. पण गव्हात खडे राहिले, डब्याला नाव लावलं नाही, दळण वेळेवर उचललं नाही, तर त्याला बोल लावता येत नाही. क्लाउड कंपनीचं अगदी तसंच आहे, आणि करारात ते स्पष्ट लिहिलेलं असतं. इमारत, वीज, नेटवर्क, यंत्र आणि त्याचे भाग पाडणारं सॉफ्टवेअर ही कंपनीची जबाबदारी. त्या भागात तू काय बसवलंस, ते अद्ययावत ठेवलंस का, पासवर्ड काय ठेवलास, ग्राहकांची माहिती उघडी पडली का, बॅकअप घेतलास का, हे सगळं तुझ्या अंगावर. बायकांची सगळ्यात मोठी गैरसमजूत इथेच होते. एवढी मोठी कंपनी आहे म्हणजे ती आपलं सगळं सांभाळणारच, असं वाटतं. ती यंत्र सांभाळते. मोठ्या कंपन्यांच्या फुकट सपोर्टमध्ये बिलाच्या आणि खात्याच्या प्रश्नांना उत्तरं मिळतात, पण साइट का चालत नाही हे विचारायचं तर बहुधा वेगळे पैसे मोजावे लागतात.

म्हणूनच तुला खरोखर क्लाउड सर्व्हर लागतो का, हे आधी बघ. साधं शेअर्ड होस्टिंग म्हणजे एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइट. स्वस्त असतं, देखभाल कंपनीची असते, पण शेजारच्या साइटवर गर्दी झाली की तुझी मंदावते. दुसरा मार्ग तयार ऑनलाइन दुकानाचा. महिन्याची वर्गणी भरायची, सर्व्हर वगैरे सगळं त्यांचं. तिसरा मॅनेज्ड होस्टिंगचा. सर्व्हर क्लाउडचाच, पण त्याची देखभाल करायला माणसं असतात आणि त्याचे पैसे बिलातच धरलेले असतात. चौथा म्हणजे तुझ्या कोटेशनमधला कोरा सर्व्हर. तो सगळ्यात स्वस्त दिसतो, कारण सांभाळणाऱ्या माणसाची मजुरी त्यात नसते. माझं मत विचारशील तर चाळीस-पन्नास पदार्थांच्या दुकानाला मॅनेज्ड होस्टिंग किंवा तयार दुकान पुरेसं आहे. कोरा सर्व्हर तेव्हाच घे, जेव्हा त्याची दर आठवड्याला देखभाल कोण करणार, त्या माणसाचं नाव आणि त्याचे पैसे तुझ्या कागदावर लिहिलेले असतील. त्या मुलाला "देखभालही तूच करणार ना, आणि किती घेणार?" असं सरळ विचार. यात संकोच कसला?

आता बिलाचं बोलू, कारण इथेच सगळ्यात जास्त दचकायला होतं. कोटेशनमधला आकडा हा सर्व्हरचा असतो, बिलात मात्र इतर ओळीही येतात. पहिल्या महिन्याचं बिल आलं की ते छापून घे आणि पेन घेऊन बस. पहिली ओळ सर्व्हरच्या तासांची. महिन्याचे साधारण ७३० तास. दुसरी डिस्कची. ही सर्व्हर बंद असला तरी चालू राहते. "बंद केला आहे" असं कोणी म्हणालं की विचारायचं, बंद केलाय की डिलीट केलाय? अॅमेझॉनवर बंद सर्व्हरचं तासांचं भाडं थांबतं, पण डिस्कचं चालूच राहतं. डिजिटलओशन नावाच्या कंपनीकडे तर बंद ठेवलेल्या सर्व्हरचंही पूर्ण भाडं लागतं, कारण तुझी जागा त्यांनी अडवून ठेवलेली असते. तिसरी ओळ आयपी पत्त्याची. १ फेब्रुवारी २०२४ पासून अॅमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावतं. महिन्याचे साडेतीन डॉलरच्या वर जातात. कोणीतरी चाचणीसाठी घेतलेले आणि विसरलेले दोन-तीन पत्ते बिलात सापडतात, ते असेच. चौथी ओळ स्नॅपशॉटची, म्हणजे डिस्कच्या जुन्या प्रती. त्या कोणी आवरल्या नाहीत तर दर महिन्याला वाढतात.

आणि पाचवी ओळ बाहेर जाणाऱ्या डेटाची. हिच्याकडे नीट बघ, कारण ती तुझ्या हातात आहे. सर्व्हरकडे येणारा डेटा सहसा फुकट असतो, सर्व्हरकडून गिऱ्हाइकाच्या फोनकडे जाणारा मोजला जातो. काही जण ठरावीक जीबी भाड्यातच देतात, काही थोडे फुकट देऊन पुढे प्रत्येक जीबीला दर लावतात. आता हिशोब कर. तू चकलीचे, अनारशांचे फोटो फोनवर काढतेस आणि तसेच चढवतेस. एकेक फोटो चार एमबीचा. पानावर आठ फोटो म्हणजे बत्तीस एमबी. हजार जणांनी ते पान एकदा उघडलं की बत्तीस जीबी गेले. तेच फोटो दीडशे केबीपर्यंत लहान करून चढवले तर हजार जणांना सव्वा जीबीच्या आत काम होतं, आणि फोटो फोनवर तितकाच छान दिसतो. अगं, तुझी साइट रडतखडत चालते म्हणालीस ना? मी ती माझ्या फोनवर उघडून पाहिली. पहिलं पान उघडायला वेळ लागतो तो या फोटोंमुळे. सर्व्हर बदलण्याआधी हे कर, कदाचित सर्व्हर बदलावाच लागणार नाही.

या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. तुझी नोंदणी असेल तर खात्यात जीएसटी क्रमांक टाकून ठेव, म्हणजे क्रेडिट घेता येईल. बिल डॉलरमध्ये असेल तर रुपयाचा भाव आणि कार्डाचं परदेशी व्यवहाराचं शुल्क धरून हिशोब कर. शक्यतो रुपयांत बिल देणारी कंपनी बघ. आणखी एक आपल्याकडची गोष्ट. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी ई-मँडेटची, म्हणजे आगाऊ मंजुरीची, अट घातली. परदेशी कंपन्यांच्या बाबतीत पैसे कापणं बरेचदा फसतं, आणि कंपनी ईमेल पाठवत राहते की बिल थकलंय. तो ईमेल डेव्हलपरच्या जुन्या पत्त्यावर गेला तर तुला कळणार कधी? साइट बंद पडल्यावर. म्हणून बिलाचा ईमेल तुझ्याच पत्त्यावर यायला हवा. बजेट अलर्टही लावून घे. महिन्याला अमुक रुपयांच्या वर गेलं तर निरोप येऊ दे. पण लक्षात ठेव, हा निरोप येतो तेव्हा खर्च आपोआप थांबत नाही, तो कोणीतरी थांबवावा लागतो.

तरीही क्लाउडचा एक फायदा तुझ्यासारखीला खरंच आहे. तुझा धंदा वर्षभर सारखा नसतो. दसऱ्यानंतर सर्व्हर दुप्पट मोठा करायचा आणि भाऊबीज झाली की पुन्हा लहान, एवढ्याच दिवसांचे जादा पैसे. लहान-मोठा करताना साइट काही मिनिटं बंद राहते, म्हणून हे पहाटे करून घ्यायचं. फक्त प्रोसेसर आणि रॅम वाढवायला सांग, डिस्क नको. कारण डिस्क वाढवता येते, पण वाढवलेली डिस्क बहुतेक ठिकाणी पुन्हा लहान करता येत नाही, आणि ते भाडं वर्षभर लागून राहतं.

कोटेशनवर ९९.९ टक्के अपटाइम असं ठळक लिहिलंय. ऐकायला छान आहे. महिन्याची ४३,२०० मिनिटं धर. त्यातली त्रेचाळीस मिनिटं सर्व्हर बंद राहिला तरी त्यांचा शब्द मोडत नाही. त्याहून जास्त राहिला तर ते भाड्यातला काही टक्के भाग पुढच्या बिलात वळता करतात, तोही बहुतेक ठिकाणी तू मागितलास तरच. त्या वेळात हुकलेल्या ऑर्डरींची भरपाई कोणी देत नाही.

बॅकअपचं मात्र मी तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे, तू कंटाळलीस तरी. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्री फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक पाच मजली इमारत पूर्ण जळाली, शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. सुदैवाने माणूस कोणी दगावलं नाही, पण लाखो वेबसाइट बंद पडल्या. कंपनीच्या प्रमुखांनी ग्राहकांना जाहीरपणे सांगितलं की तुमची आपत्कालीन योजना सुरू करा. ज्यांच्याकडे अशी योजनाच नव्हती, त्यांचा डेटा कायमचा गेला. काहींनी बॅकअपचे पैसे भरले होते, पण त्या प्रती त्याच आवारात होत्या. प्रकरणं कोर्टात गेली. भरपाई मिळाली असेल, पण गेलेला डेटा काही परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट गिटलॅबची. संगणकाचं काम करणाऱ्यांची कंपनी, म्हणजे यातली जाणकार माणसं. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री त्यांच्या एका इंजिनीअरने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची आज्ञा दिली. चूक लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे तीनशे जीबीतले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले. पाच वेगवेगळ्या सोयी होत्या, आणि त्यातली एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता. तो होत नाही असं सांगणारे ईमेलही मध्येच नाकारले जात होते, त्यामुळे कोणाला पत्ता नाही. त्याच इंजिनीअरने दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी एक प्रत काढून ठेवली होती, म्हणून कंपनी वाचली. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, जगासमोर मांडलं, याचं मला कौतुक वाटतं.

आणि मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीची गुगल क्लाउडवरची प्रायव्हेट क्लाउड सेवा गुगलच्याच चुकीने पुसली गेली. सहा लाखांवर सभासदांना आठवडाभर आपली शिल्लक दिसेना. त्यांनी दोन ठिकाणी प्रती ठेवल्या होत्या, पण दोन्ही त्याच सेवेखाली होत्या, त्यामुळे दोन्ही गेल्या. दुसऱ्या पुरवठादाराकडेही बॅकअप होते, म्हणून निभावलं.

म्हणजे तू काय करायचंस? सर्व्हरचा रोजचा स्नॅपशॉट असू दे, तो हवाच. पण त्याखेरीज एक प्रत वेगळ्या कंपनीकडे, वेगळ्या लॉगिनखाली ठेव. आणि महिन्यातून एकदा एक प्रत तुझ्या घरी. घाबरू नकोस, तुझ्या दुकानाचा डेटाबेस फार मोठा नाही. ऑर्डरी आणि पत्ते हे सगळं काही एमबींतच मावतं, फोटो धरून दोन-चार जीबी. पेन ड्राइव्हवर बसेल. त्यात गिऱ्हाइकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत, म्हणून त्या फाइलला पासवर्ड लाव आणि ड्राइव्ह कपाटात कुलपात ठेव. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ साली झालाय आणि ती माहिती सांभाळायची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावर आहे, म्हणजे तुझ्यावर. नुसता बॅकअप "होतोय" हे ऐकून समाधान मानू नकोस. दर तीन-चार महिन्यांनी त्या मुलाला सांग, बॅकअप नव्या सर्व्हरवर उतरव आणि मला साइट उघडून दाखव. सर्व्हर तासाच्या भाड्याने मिळतो, त्यामुळे ही परीक्षा पाच-दहा रुपयांत होते. उघडलेल्या साइटवर कालची शेवटची ऑर्डर दिसते का, ते स्वतः बघ. दिसली तर तुझा बॅकअप आहे.

सुरक्षेचं थोडक्यात सांगते. नवा सर्व्हर सुरू होऊन काही मिनिटं झाली नाहीत तोच जगभरातून कुणाकुणाचे प्रोग्रॅम त्याचं दार ठोठावायला लागतात. कधीतरी त्या मुलाला लॉगिनची नोंदवही दाखवायला सांग. ओळीमागून ओळ: रूट नावाने प्रयत्न, फसला. अॅडमिन नावाने प्रयत्न, फसला. टेस्ट नावाने, फसला. तारखेपुढे वेळ बघशील तर काही सेकंदांच्या अंतराने. यात तुझ्याशी कोणाचं वैर नाही, ते सगळ्याच पत्त्यांवर फिरत असतात. म्हणून सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन बंद करून की-फाइलने ठेवायला सांग, नको ती पोर्ट बंद ठेवायला सांग, आणि साइटचे प्लगइन वेळच्या वेळी अपडेट करायला सांग. कुलपाचं चिन्ह दाखवणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं. त्याचे वेगळे पैसे कोणी लावले तर का म्हणून विचार. ते ९० दिवसांत संपतं, आपोआप नवं होण्याची सोय केलेली असावी.

आणि ज्या पानावरून सर्व्हर सुरू-बंद होतो, त्या क्लाउड खात्याला मोबाइलवरच्या कोडचं दुसरं कुलूप लावच लाव. २०१४ साली कोड स्पेसेस नावाच्या कंपनीच्या अॅमेझॉन खात्यात कोणीतरी शिरलं आणि खंडणी मागितली. कंपनी पासवर्ड बदलायला गेली, तर त्याने सर्व्हर, डिस्क, बॅकअप, जे हाताला लागलं ते पुसलं. चालता धंदा तिथेच संपला. सर्व्हर कितीही भक्कम असो, हे खातं ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं.

यावरूनच मी तुला मूळ गोष्ट सांगणार होते. हे खातं कोणाच्या नावावर आहे? कोटेशनमध्ये "आमच्या खात्यावर होस्ट करू" असं लिहिलंय. ते मला मुळीच पटलेलं नाही. तो मुलगा प्रामाणिक आहे, मला शंका नाही. पण उद्या त्याला बंगळुरूला नोकरी लागेल, लग्न होईल, आजारी पडेल, किंवा तुमचं पैशांवरून बिनसेल. त्या दिवशी तुझं दुकान त्याच्या खात्यात अडकलेलं असेल, आणि क्लाउड कंपनी तुला ओळखणार नाही. तिच्या लेखी ग्राहक तो. असं घडताना मी पाहिलंय. एक बाई वर्षानुवर्षं पैसे भरत होत्या, पावत्या होत्या, पण खातं त्यांचं नव्हतं, आणि ऐन सणात साइट हातची गेली. मी त्यांच्याशी फोनवर बोलत होते तेव्हा त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे फार काही नव्हतं.

डोमेनचंही तेच, किंबहुना त्याहून गंभीर. सर्व्हर गेला तर दुसरा घेता येतो, बॅकअप उतरवता येतो. पण तुझ्या डब्यांवर, पिशव्यांवर, पत्रिकांवर छापलेलं ते डॉट इन नाव दुसऱ्याच्या नावावर नोंदलेलं असेल, तर ते परत मिळवायला नाकी नऊ येतात. डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही एकाच कंपनीकडे ठेवायलाच पाहिजेत असं नाही, मी तर वेगळ्या ठेवायला सांगते. डोमेनची नोंदणी तुझ्या नावाने, तुझ्या ईमेलवर, तुझ्या मोबाइलवर. तो ईमेलही त्याच डोमेनवरचा नको, कारण डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडेल, आणि पासवर्ड परत मिळवण्याचा निरोप येणार कुठे? साधा जीमेल चालेल, तो फक्त याच कामासाठी ठेव. नूतनीकरण एकदम काही वर्षांचं करून टाक आणि संपायची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेव.

तू खातं उघडायला गेलीस की नाव, पत्ता, ओळखीची कागदपत्रं मागतील. त्याला बिचकू नकोस. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार भारतात सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांनी ग्राहकाची खरी माहिती घेऊन ती निदान पाच वर्षं ठेवायची आहे. ती माहिती तुझी असावी, हेच तर आपल्याला हवंय. त्या मुलाला मग तुझ्या खात्यात वेगळं लॉगिन दे. बहुतेक कंपन्या ही सोय देतात. त्याला सर्व्हर हाताळता येईल, पण खातं बंद करता येणार नाही, मालक बदलता येणार नाही. तो गेला की त्याचं लॉगिन काढायचं, बास. मुख्य पासवर्ड त्याला देऊ नकोस, तोंडीही नाही. याचा त्याला राग येणार नाही. चांगला डेव्हलपर स्वतःच असं सुचवतो, कारण त्यालाही उद्याची कटकट नको असते.

आणि कंपनी आवडली नाही तर सोडता यायला हवी. पूर्वी आपलाच डेटा बाहेर न्यायला मोठं शुल्क पडायचं. २०२४ साली गुगल, अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट तिघांनीही कंपनी सोडून जाणाऱ्या ग्राहकांना ते माफ केलं, अटी आहेत, पण केलं. छोट्या कंपन्यांशी बोलताना हे आधीच विचारून घे आणि उत्तर ईमेलवर घे. वर्षाचे पैसे एकदम भरले तर स्वस्त पडतं, हे खरं आहे, पण पहिलं वर्ष महिन्यामहिन्यानेच भर. सर्व्हर कसा चालतो, बोलावल्यावर माणूस येतो का, हे कळल्यावर मग सवलत घे.

तर आत्ता लगेच सर्व्हर घेऊ नकोस. आधी फोटो लहान करून घे आणि आठ-दहा दिवस साइट कशी चालते ते बघ. दरम्यान त्या मुलाकडून डोमेनच्या नोंदणीचं पान मागव आणि नोंदणीदार म्हणून कोणाचं नाव आहे ते मला सांग. त्याचं स्वतःचं असेल तर ते तुझ्या नावावर करून घेण्याचं काम याच महिन्यात लाव. दिवाळीचा हंगाम सुरू झाला की तुलाही सवड नसते आणि त्यालाही.